का खो तो: मातीच्या भांड्यातला व्हिएतनामी मासा घरी कसा करावा?

प्रश्न – गोदाकाठ

नमस्कार. माझा मुलगा नोकरीनिमित्त हो ची मिन्ह शहरात राहतो आणि माझी सून मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कान थो शहरातली आहे. लग्नानंतर ती पहिल्यांदाच नाशिकला आमच्याकडे राहायला येत आहे. आपले पदार्थ तिला खाऊ घालूच, पण एक दिवस तरी तिला तिच्या माहेरचे जेवण आमच्या घरात मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिच्या आईच्या हातचा 'का खो तो' तिला सर्वांत प्रिय आहे, असे मुलाने सांगितले. मातीच्या भांड्यात, साखरेच्या गडद कॅरमेलमध्ये आणि माशाच्या सॉसमध्ये मंद आचेवर आटवलेला मासा म्हणजे हा पदार्थ, एवढे मला समजले आहे.

माझ्या शंका अशा. कान थोकडे नदीतला मासा वापरतात. नाशिकमध्ये मी कोणता घ्यावा? माशाच्या सॉसचा वास फार उग्र असतो असे ऐकले आहे, तर त्याऐवजी सोया सॉस चालेल का? साखर जाळायची म्हणजे नेमकी कुठवर जाळायची, आणि पदार्थ गोड तर होणार नाही ना? हळद, आले-लसणाचे वाटण, कोकम किंवा चिंच यांपैकी काही घालायचे असते का? माशाचे नेहमीचे कालवण करून त्याला व्हिएतनामी नाव देण्याची माझी इच्छा नाही. तिच्या घरी होतो तसाच करायचा आहे, म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – दक्षिणवारा

ताई, तुमचा विचार फार आवडला. मी अनेक वर्षे हो ची मिन्ह शहरात राहते आणि हा पदार्थ आमच्या शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकले आहे, त्यामुळे दक्षिणेकडची घरगुती पद्धत सांगते. तुमची सून कान थोची असल्यामुळे तुम्हाला हीच पद्धत हवी.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी: हे कालवण नाही. आपण माशाची आमटी भातावर ओततो. खो प्रकारचा पदार्थ मात्र मुद्दाम खारट, गोडसर आणि मिरमिरीत असा तीव्र चवीचा करतात, आणि माशाचा छोटासा तुकडा व चमचाभर रस यांच्यासोबत भरपूर भात खातात. त्यामुळे चव घेताना 'हे जरा जास्त खारट झाले' असे वाटले तरी लगेच पाणी घालू नये. घासभर भातासोबत चाखून मगच ठरवावे.

अर्धा किलो माशासाठी प्रमाण असे धरावे. साखर तीन मोठे चमचे, त्यातली दोन चमचे कॅरमेलसाठी आणि एक चमचा मासा मुरवण्यासाठी. माशाचा सॉस तीन मोठे चमचे. छोटे सांबार कांदे सहा-सात आणि लसणाच्या चार-पाच पाकळ्या, दोन्ही सुरीने बारीक चिरलेले. काळी मिरी दीड चहाचा चमचा, जाडसर कुटलेली. तिखट लाल मिरच्या तीन-चार, अख्ख्या. कांद्याची पात, आणि शहाळ्याचे पाणी एक मोठा कप. मीठ अजिबात नको, कारण सॉस पुरेसा खारट असतो. हळद, आले, चिंच आणि कोकम यांपैकी काहीही दक्षिणेच्या का खो तोमध्ये घालत नाहीत. मध्य व्हिएतनाममध्ये हळद घालून आटवलेला मासा जरूर करतात, पण तो वेगळा पदार्थ आहे. आले-लसणाचे वाटणही टाळावे. वाटणाने रस गढूळ होतो, तर या पदार्थाचा रस काळसर तांबडा, चकचकीत आणि पारदर्शक दिसायला हवा.

माशाच्या तुकड्यांना सॉस, एक चमचा साखर, निम्मी मिरी आणि निम्मे कांदा-लसूण लावून अर्धा तास ठेवावे.

आता कॅरमेलबद्दल, कारण पदार्थाचा सगळा जीव त्यात आहे. जाड बुडाच्या छोट्या पातेल्यात दोन चमचे साखर आणि एक चमचा तेल घेऊन मंद आचेवर ठेवावे आणि जागचे हलू नये. साखर प्रथम विरघळून पिवळी होते, मग मधासारखी, मग कोऱ्या चहासारखी. खिरीसाठी किंवा कॅरमेल कस्टर्डसाठी आपण इथे थांबलो असतो. इथे थांबायचे नाही. कडेने बारीक फेस येऊन रंग तांबूस काळा होईपर्यंत आणि धुराची पहिली बारीक रेघ दिसेपर्यंत न्यायचे. व्हिएतनामी लोक या रंगाला झुरळाच्या पंखाचा रंग म्हणतात, आणि तो शब्दशः तसाच असतो: तपकिरी, तांबडी झाक असलेला, चमकदार. या टप्प्याला साखरेचा गोडवा बराचसा जाऊन किंचित कडवटपणा येतो, आणि तोच सॉसच्या खारटपणाला तोलून धरतो. म्हणून पदार्थ मिठाईसारखा गोड होत नाही. रंग दिसताक्षणी आच बंद करून, चेहरा लांब ठेवून, गरम केलेले शहाळ्याचे पाणी हळूहळू ओतावे. ते जोरात उसळते आणि अंगावर उडू शकते, म्हणून लहान मुलांना त्या वेळी ओट्याजवळ येऊ देऊ नये. कॅरमेल क्षणभर घट्ट गोळा होईल, पण उकळी येताच पुन्हा विरघळेल. साखर पूर्ण काळी होऊन जळका वास आला तर ती टाकून पुन्हा करावी. तो कडवटपणा नंतर कशानेही झाकता येत नाही.

मातीच्या भांड्यात थोड्या तेलावर उरलेले कांदा-लसूण परतून त्यावर माशाचे तुकडे एकाच थरात लावावेत, मुरवण्याचा रस ओतावा आणि मग कॅरमेलचे पाणी घालावे. उकळी आली की वर आलेला फेस काढून टाकावा, मिरच्या घालाव्यात आणि आच अगदी मंद करावी. झाकण न ठेवता पस्तीस-चाळीस मिनिटे आटू द्यावे. तुकडे मध्ये एकदाच, हलक्या हाताने उलटावेत. एरवी चमच्याने रस वरून सोडत राहावे. शेवटी शेवटी बुडबुड्यांकडे लक्ष द्यावे. सुरुवातीला ते बारीक आणि भराभर फुटणारे असतात. रस पुरेसा आटला की मोठे, चिकट आणि संथ होतात, आणि चमचा फिरवल्यावर भांड्याच्या तळाला क्षणभर वाट उघडी दिसते. तेव्हा आच बंद करून उरलेली मिरी आणि कांद्याची पात घालावी व भांडे तसेच जेवणाच्या मेजावर न्यावे.

पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीचे तळलेले बारीक तुकडेही घालतात. तुमच्याकडे चालत नसेल तर तेल पुरेसे आहे. अनेक घरे तसेच करतात.

उत्तर – उजनीचं पाणी

माशाबद्दल मी लिहितो, कारण हा विषय आमच्या घरच्या व्यवसायाचा आहे. मेकाँगकडे या पदार्थासाठी जो 'का लोक' मासा मानाने वापरतात, तो आपल्या मरळ माशाच्याच कुळातला आहे. महाराष्ट्रातल्या नद्यांत आणि धरणांत मरळ मिळतो आणि तो बऱ्याचदा जिवंत विकला जातो. नाशिकच्या बाजारात आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास मिळायला हरकत नाही. मांस घट्ट, काटे मोजके आणि मोठे, त्यामुळे चाळीस मिनिटे शिजूनही तो मोडत नाही. कातडी आणि मधला काटा ठेवूनच बोटभर जाडीचे गोल तुकडे करून घ्यावेत. रसाला दाटपणा येतो तो त्यातूनच. डोके टाकून देऊ नये, ते सारासाठी उपयोगी पडेल.

मरळाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. त्याला जाडे मीठ आणि व्हिनेगर किंवा लिंबू चोळून स्वच्छ धुवावे. पोटातला काळा पापुद्रा आणि काट्यालगतचे साकळलेले रक्त पूर्ण काढावे, कारण गोड्या पाण्यातल्या माशाचा नकोसा वास मुख्यतः तिथून येतो. धुतल्यावर तुकडे निथळून, फडक्याने टिपून कोरडे करावेत आणि मगच मुरवावेत.

शीतकपाटात मिळणारा 'बासा' घ्यावा का, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल, कारण आपल्या दुकानांत विकला जाणारा गोठवलेला बासा मोठ्या प्रमाणावर मेकाँगच्याच शेततळ्यांतून येतो. व्हिएतनाममध्येही त्याचा का खो तो करतात, पण कातडी आणि काट्यासह जाड तुकडे घेऊन. आपल्याकडे येतात त्या बिनकातडीच्या, बिनकाट्याच्या लाद्या. त्या इतक्या वेळ आटवल्या तर त्यांचा लगदा होतो. दुसरे काही मिळालेच नाही तर मोठे तुकडे ठेवून, रस आधी निम्मा आटवून, मगच ते त्यात सोडावेत आणि पंधरा मिनिटांत उतरवावेत.

उत्तर – खाडीवरची

मरळ मिळाला नाही तर सुरमई घ्यावी, असे मी सुचवेन. ही केवळ तडजोड नाही, कारण व्हिएतनामच्या किनारपट्टीवर सुरमईचा आणि बांगड्याचाही खो घरोघर होतो. बांगड्याला मिरी आणि मिरची थोडी अधिक लागते. पापलेट मात्र या पदार्थात वाया घालवू नये. त्याची नाजूक चव इतक्या गडद रसात हरवते.

आता माशाच्या सॉसबद्दल. ताई, सोया सॉस घातल्यास पदार्थ वाईट होणार नाही, पण तो का खो तो राहणार नाही, आणि तुमच्या सुनेला पहिल्या घासात ते कळेल. 'नुओक माम' म्हणजे छोटे मासे आणि मीठ थरांनी लावून, साधारण तीनास एक या प्रमाणात, वर्षभर मुरवून गाळलेला अर्क. आपली मांदेली ज्या कुळातली, त्याच कुळातला 'का कोम' हा छोटा मासा त्यासाठी वापरतात. फू क्वोक बेट आणि फान थिएत ही यासाठी नावाजलेली ठिकाणे. फू क्वोकच्या सॉसला तर युरोपीय संघाने 2012 मध्ये संरक्षित भौगोलिक नाव म्हणून मान्यता दिली. ज्यांनी कोकणात सुकट-बोंबलाचा वास लहानपणापासून घेतला आहे, त्यांना हा वास परका वाटण्याचे कारण नाही. शिवाय बाटलीतला वास आणि शिजलेल्या पदार्थातला वास यांत फार अंतर असते. आटताना त्याचा उग्रपणा उडून जातो आणि मागे फक्त खोल, मांसल खारटपणा राहतो. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी उघडी ठेवावी.

बाटली घेताना मागची यादी वाचावी. मासे आणि मीठ एवढेच घटक असतील तर उत्तम, थोडी साखर असली तरी चालते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी थायलंडचा सॉस मिळतो. तो वापरता येतो, पण प्रत्येक बाटलीचा खारटपणा वेगळा असल्यामुळे आधी दोन चमचे घालून, अर्धे आटल्यावर चाखून मग तिसरा घालावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे मुलालाच एक बाटली आणायला सांगणे. ती सामानात टाकायची असेल तर झाकणाला चिकटपट्टी लावून दोन-तीन पिशव्यांत नीट गुंडाळावी, कारण ती फुटली तर कपड्यांचा वास सहज जात नाही.

प्रतिसाद – गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मरळासाठी आमच्या कोळीणबाईंना सांगून ठेवले आहे. आणखी दोन गोष्टी विचारते. माझ्याकडे कोकणातून आणलेली मातीची तवली आहे. ती गॅसवर चालेल का? आणि सोबत काय करावे? नुसता भात आणि हा एक पदार्थ असे पान मला अपुरे वाटते. घरात माझे यजमान पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांनाही त्या दिवशी याच जेवणात सामील करून घ्यायचे आहे.

उत्तर – दक्षिणवारा

तवली उत्तम चालेल. नवी असेल तर आदल्या दिवशी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, मग त्यात तांदळाची पेज उकळून घ्यावी. गॅसवर आच अगदी लहान ठेवून हळूहळू वाढवावी, आणि तापलेल्या तवलीत गार पाणी कधीही ओतू नये. शहाळ्याचे पाणी गरम करून घालायला मी सांगितले त्याचे हेही एक कारण आहे. कॅरमेल मात्र तवलीत करू नये. तिथे उष्णता धरून राहते आणि आच बंद केली तरी साखर जळत राहते.

पान अपुरे वाटते, हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. दक्षिणेकडच्या घरात का खो तोची जोडी 'कान्ह चुआ' या आंबट साराशी ठरलेली असते. एकीकडे गडद, खारट, आटलेले. दुसरीकडे पातळ, आंबट, ताज्या भाज्यांचे. दोन्ही मिळूनच जेवण होते, आणि सुनेसाठी खरा आनंद ही जोडी समोर पाहण्यात असेल असे मला वाटते. या साराला लागणारे बरेचसे आपल्या घरात असते: चिंच, टोमॅटो, भेंडी, मोड आलेले मूग आणि अननसाच्या फोडी. मरळाचे डोके एक लिटर पाण्यात उकळून फेस काढावा. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन चमचे साखर आणि दोन चमचे माशाचा सॉस घालावा. अननस आणि टोमॅटो आधी, मग तिरक्या कापलेल्या भेंड्या आणि अगदी शेवटी मूग टाकावेत. भेंडी करकरीत राहिली पाहिजे. तिथे मूग लांब, पांढऱ्या मोडांचे असतात. तसे मिळाले तर तेच घ्यावेत. वरून तेलात लालसर तळलेला लसूण आणि कोथिंबीर घालावी. तिथे 'न्गो ओम' नावाची जिऱ्यासारख्या गंधाची पाणवनस्पती आणि लांब पानांची कोथिंबीर घालतात. त्या मिळाल्या नाहीत तर आपली कोथिंबीर पुरे, जिरे मात्र घालू नये.

या सारात एक सच्छिद्र, पाणी शोषून घेणारा देठही घालतात, जो दिसायला आपल्या अळूच्या देठासारखा असतो. अळूचे देठ वापरण्याचा मोह होईल, पण तिथली जात वेगळी आहे आणि ती अगदी थोडी शिजवून खातात. आपले अळू इतके कमी शिजले तर घसा खाजू शकतो. त्यामुळे तो घटक सरळ वगळावा.

भात नाशिककरांनी शोधायला लांब जायला नको. इगतपुरीकडचा इंद्रायणी मऊ आणि किंचित चिकट होतो, चॉपस्टिक्सने उचलायला सोयीचा पडतो आणि त्याचा सुगंध या जेवणाला शोभतो. सोबत काकडीचे काप ठेवावेत. पदार्थ मधोमध ठेवून प्रत्येकाला भाताचा वाडगा द्यावा आणि ज्याने त्याने मधल्या भांड्यातून थोडे थोडे घ्यावे. ताटात एकदम वाढून देऊ नये, तिच्या घरी तसे जेवत नाहीत.

उत्तर – पानकोबी

यजमानांसाठी मी लिहितो, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि व्हिएतनाममध्ये जेवणाची आबाळ झाली नाही, ती याच पदार्थांमुळे. तिथे बौद्ध परंपरेनुसार चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक कुटुंबे 'चाय' म्हणजे शाकाहारी जेवण करतात, आणि त्या दिवशी टोफूचा किंवा भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या अळंब्यांचा खो ठरलेला असतो. म्हणजे तुमच्या यजमानांसाठी काही वेगळे जुळवून आणावे लागणार नाही. सुनेच्या घरात तोही तितकाच ओळखीचा आहे.

घट्ट टोफूचे जाड तुकडे पाणी दाबून काढून, सर्व बाजूंनी सोनेरी तळावेत. कॅरमेल आणि शहाळ्याचे पाणी वर सांगितल्याप्रमाणेच. फक्त माशाच्या सॉसऐवजी इथे सोया सॉस आणि चवीपुरते मीठ. अळंबी असल्यास अख्खी टाकावी. मिरी मात्र सढळ हाताने, कारण अळंब्यांच्या खोची ओळखच मिरी आहे, आणि व्हिएतनाम आज जगात सर्वाधिक मिरी निर्यात करणारा देश असल्यामुळे तिथल्या स्वयंपाकात ती ताजी आणि भरपूर असते. वीस मिनिटांत रस तुकड्यांना धरतो. चायचे कडक पालन करणारे कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, पण तुमच्याकडे ती अट नसेल तर घालायला हरकत नाही. भांडे आणि चमचे वेगळे ठेवावेत, हे तुम्हाला सांगायला नकोच. त्यांचे सार वेगळ्या पातेल्यात, साध्या पाण्यात करून मीठ आणि सोया सॉसने जुळवावे.

उत्तर – लाल नदी

एक छोटी भर. मी हनोईला शिकायला होते आणि तिथला खो निराळा आहे. उत्तरेत गोडवा कमी, गलांगल या आल्याच्या भाऊबंदाचे काप भरपूर, आणि वेळ कितीतरी जास्त. हा नाम भागातल्या वू दाय गावचा काळ्या कार्प माशाचा खो तर मातीच्या भांड्यांत लाकडाच्या विस्तवावर बारा तासांहून अधिक शिजवतात, आणि तेत म्हणजे चांद्र नववर्षाच्या सुमारास त्याला फार मागणी असते. इतका शिजला की काटेही मऊ होतात. इंटरनेटवर पाककृती शोधताना गलांगल किंवा आले घातलेली कृती दिसली, तर ती बहुधा उत्तरेकडची समजावी आणि कान थोच्या मुलीसाठी दक्षिणवारा ताईंचीच कृती धरावी.

प्रतिसाद – गोदाकाठ

आता चित्र स्पष्ट झाले. शेवटची शंका: त्या दिवशी पाहुणे आल्यामुळे धावपळ असणार. आदल्या रात्री करून ठेवला तर चालेल का?

उत्तर – दक्षिणवारा

चालेल, आणि चवीने उलट अधिक मुरलेला लागेल. मासा टिकवण्याची ही जुनी पद्धत आहे. तिथे उरलेला खो दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करून खाण्याची रीतच आहे. फक्त आदल्या रात्री रस पूर्ण आटवू नये, थोडा सैल असतानाच उतरवावा, गार झाल्यावर काचेच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तवलीत घालून, दोन-तीन चमचे गरम शहाळ्याचे पाणी शिंपडून, अगदी मंद आचेवर रस चकचकीत होईपर्यंत आटवावा आणि मिरी व कांद्याची पात तेव्हाच घालावी. सार मात्र त्याच दिवशी, जेवायला बसण्याच्या आधी करावे, नाहीतर भेंडी आणि मूग मऊ पडतात. सहा माणसांसाठी मरळ एक किलो लागेल. सर्व प्रमाण दुप्पट करावे, पण शहाळ्याचे पाणी दीड कपच घालावे, आणि तवली रुंद नसेल तर दोन भांड्यांत विभागून शिजवावे, कारण तुकडे एकावर एक आले की खालचे मोडतात.